थंड हवेतल्या परसबागेत ब्रॉड बीन्स : लागवड, मावा आणि बिरड्याचा वाद

मळेवाली | १६ फेब्रुवारी

थंड देशांतल्या बागकामाच्या धाग्यावर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. वाल लावले, वेल कुंपणावरून शेजाऱ्याकडे गेला, पाला भरपूर आला, पण सप्टेंबर उजाडला तरी फुलाचा पत्ता नाही. असं का?

आपला गावठी वाल दिवस लहान झाले की फुलावर येतो. कोकणात भातकापणीनंतर तो पेरतात तेव्हा दिवस लहानच असतात. इंग्लंडात जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे वेल नुसता वाढत राहतो. कळ्या धरेपर्यंत ऑक्टोबर येतो आणि पहिल्या हिमात सगळं काळं पडतं. यात खताचा, पाण्याचा, तुमच्या हाताचा काहीही दोष नाही.

म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं असं, की इथल्या हवेशी भांडून वाल पिकवण्यापेक्षा ब्रॉड बीन्स लावावेत. थंडी त्यांना हवीच असते. वेल नाही, मांडव नाही. चौकोनी पोकळ दांड्याचं, कंबरेपेक्षा थोडं उंच होणारं सरळ झाड. मी लेस्टरला काउन्सिलच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांवर, लावते. जमीन चिकण, पावसात बुटाला किलोभर चिकटणारी. ब्रॉड बीन्सना ती चालते, फक्त पाणी साचून राहायला नको.

पेरणी दोनदा करता येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलं तर मेअखेर-जूनमध्ये शेंगा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पेरलं तर जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत. हिवाळ्यापूर्वीच्या पेरणीला 'अ‍ॅक्वाडुल्से क्लॉडिया' हीच जात घ्या. जुनी आहे, कणखर आहे. रात्री हिम पडून रोपं सकाळी आडवी झालेली दिसतात, दुपारी ऊन लागलं की परत उभी राहतात. पहिल्या वेळी बघून घाबरू नका आणि उपटू तर मुळीच नका. विंडसर प्रकारच्या जाती मात्र वसंतातच लावायच्या. त्यांच्या शेंगा आखूड, दाणे कमी पण मोठे आणि चवीला, माझ्या मते, सगळ्यांत सरस. कुंडीत लावायचं असेल तर 'द सटन' ही बुटकी जात.

बी मोठं असतं, ५ सेंटिमीटर खोल टोकायचं. दोन बियांत २० ते २३ सेंटिमीटर अंतर, २० सेंटिमीटरवर दुसरी ओळ, आणि अशा जोडओळींमध्ये ६० सेंटिमीटर वाट. हे अंतर जास्त वाटेल. पाळाच. दाटीवाटीत ओल कोंडते आणि पानांवर चॉकलेटी ठिपके येतात. तो बुरशीचा रोग आहे, ओल्या वसंतात फार पसरतो.

नत्राचं खत घालू नये. मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवतात. वरून आणखी दिलंत तर पाला माजतो आणि मावा येतो.

प्रश्न असतील तर विचारा. बाकी जातींबद्दल, रोगांबद्दल, स्वयंपाकाबद्दल सगळ्यांनी लिहा.

कुंपणावरून | १६ फेब्रुवारी

मस्त धागा. वाचते आहे. आमच्याकडे फक्त बाल्कनी आहे, पण 'द सटन'चं नाव लिहून ठेवलं.

एबर्डीनचा_वारा | १६ फेब्रुवारी

मळेवाली, छान लिहिलंय. उत्तरेकडच्यांसाठी थोडी भर घालतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर शरद ऋतूतल्या पेरणीत मला अर्थ वाटत नाही. थंडीने रोपं मरत नाहीत हे खरं, वाऱ्याने मात्र बुंध्याशी घासून मोडतात. मी फेब्रुवारीअखेर आत, गरम न केलेल्या काचेच्या खोलीत खोल कुंड्यांमध्ये बी लावतो आणि एप्रिलमध्ये बाहेर हलवतो. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या यासाठी उत्तम, कारण मूळ सरळ खाली जातं आणि नळीसकट लावता येतं.

आत लावण्याचं दुसरं कारण उंदीर. जमिनीत टोकलेलं बी ते ओळीने उकरून खातात, शिस्तीत, एकही न सोडता.

आधाराबद्दल लिहायचं राहिलं का? वाफ्याच्या चारी कोपऱ्यांना बांबू, मधे दोन-तीन, आणि गुडघ्याच्या व कंबरेच्या उंचीवर सुतळीचे दोन वेढे. प्रत्येक झाड वेगळं बांधत बसायची गरज नाही. शेंगा भरल्या की झाड वरून जड होतं, तेव्हा ही सुतळी कामाला येते.

गच्चीवरची_बाग | १८ फेब्रुवारी

मी पुण्यात आहे. ऑनलाइन ब्रॉड बीन्सचं पाकीट मिळालं म्हणून डिसेंबरात कुंडीत लावले. रोपं सुंदर आली. आता फुलं येत आहेत, पांढरी आणि पाकळीवर मोठा काळा ठिपका, वासही गोड आहे. पण सगळी गळून जात आहेत. परागीभवन हाताने करू का?

मळेवाली | १८ फेब्रुवारी

हाताने करून फार फरक पडेल असं वाटत नाही. तापमान पंचविशीच्या पुढे गेलं की ब्रॉड बीन्सची फुलं गळायला लागतात, आणि पुण्यात फेब्रुवारीत दुपारी तीस सहज ओलांडतं. दुपारची सावली द्या, मुळांवर पाल्याचं आच्छादन घाला, कुंडी कोरडी पडू देऊ नका. खालच्या फुलांतून थोड्या शेंगा धरतील कदाचित. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी लावून बघा, म्हणजे फुलं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येतील. महाबळेश्वर-पाचगणीला राहत असतात तर गोष्ट वेगळी.

शेंगा नाही धरल्या तरी शेंडे खुडून भाजी करा. कोवळे शेंडे खाता येतात.

नागावकर | १९ फेब्रुवारी

गच्चीताई, स्पष्ट बोलतो, रागावू नका. पुण्यात बसून विलायती शेंगेचे लाड कशाला? वाल लावा. पावटा लावा. आमच्याकडे अलिबाग तालुक्यात भात कापला की त्याच खाचरात वाल टाकतात. वरून पाणी नाही की काही नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव, यांवर पीक निघतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण भूषण नावाची झुडपी वालपापडी काढलेली आहे, कुंडीतही होते, मांडव लागत नाही. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय आहेत, त्यांना दिवस लहान-मोठा असल्याचं सोयरसुतक नाही.

आणि हो, सध्या पोपटीचे शेवटचे दिवस आहेत. या धाग्यावरच्या परदेशस्थांना जळवायला एवढंच सांगून जातो.

एबर्डीनचा_वारा | १९ फेब्रुवारी

नागावकर, दुष्ट आहात.

कुंपणावरून | १९ फेब्रुवारी

पोपटी म्हणजे? मी विदर्भातली, माहीत नाही.

नागावकर | १९ फेब्रुवारी

अवांतर होतंय, पण विचारलंत म्हणून.

वालाच्या भरलेल्या गावठी शेंगा, सालासकट, अख्ख्या. मातीचं मडकं घ्यायचं. तळाला आणि कडेने भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा. हा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो आणि त्याचा वास हीच खरी पोपटी. त्यावर शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा. मधे अंडी, बटाटे, रताळी, ज्यांना चालतं ते मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून घालतात. परत शेंगा, परत पाला, तोंड पाल्यानेच घट्ट बंद. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवतीने काटक्या-पेंढा रचून पेटवायचं. पाण्याचा एक थेंब घालायचा नाही. शेंगा आणि पाल्याच्या ओलीवरच सगळं वाफेत शिजतं. अर्ध्या तासाच्या आसपास मडक्यावर पाणी शिंपडून बघतात, चर्र आवाज होऊन लगेच उडालं की झाली.

मग चांदण्यात गोल बसून शेंगा सोलून खायच्या. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या रायगडात शनिवार-रविवारी एकही शेत मोकळं नसतं.

पोर्टलंडी_पाऊस | २० फेब्रुवारी

इथे अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर फावा बीन्स (ब्रॉड बीन्सचंच इथलं नाव) ऑक्टोबरात पेरतात ते बहुतेक जमिनीसाठी. हिवाळ्यात वाफा उघडा पडला की पावसाने माती वाहून जाते, म्हणून बारीक दाण्याचा फावा दाट पेरायचा आणि वसंतात फुलं येता येता कापून तिथेच गाडायचा. हिरवळीचं खत. आपला ताग किंवा धैंचा जसा. मी अर्धा वाफा गाडते, अर्धा खायला ठेवते.

खाण्यासाठी ठेवलेली झाडंही शेवटी उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या. त्या जागी नंतर कोबी किंवा पालक लावला तर तो खूश असतो.

स्टेथो | २१ फेब्रुवारी

धागा छान चालला आहे, पण एक गोष्ट अजून कोणीच लिहिलेली नाही आणि ती लिहिणं आवश्यक आहे.

जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या व्यक्तींनी ब्रॉड बीन्स खाऊ नयेत. या दाण्यांत व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही द्रव्यं असतात. ही कमतरता असेल तर त्यांच्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. साधारण एक-दोन दिवसांत थकवा, फिकेपणा, डोळे पिवळे, लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद. असं झालं तर घरी काढे करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं आणि काय खाल्लं ते सांगावं. लहान मुलांत हे जास्त गंभीर होऊ शकतं. स्तनपान देणाऱ्या आईने खाल्लं तरी कमतरता असलेल्या बाळाला त्रास होऊ शकतो.

हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे पुरुषांत जास्त दिसतो. भूमध्य समुद्राभोवती, मध्यपूर्वेत, आफ्रिकेत सर्रास आहे आणि भारतातही आहे. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण जास्त आढळलेलं आहे. पण 'आपल्यात नसतं' असं कोणीही गृहीत धरू नये. मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळ्या देण्यापूर्वी जी तपासणी करतात ती हीच, साधी रक्ततपासणी आहे.

आपल्या घरांत वाल पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले, काही झालं नाही, हा पुरावा इथे चालत नाही. वालाची जात वेगळी, त्यात ही द्रव्यं नसतात. ब्रॉड बीन्स तुमच्या घरात कदाचित तुम्हीच पहिल्यांदा खात असाल.

आणखी एक: यात लेव्होडोपा नैसर्गिकरीत्या असतं. पार्किन्सन्सची औषधं किंवा एमएओ इन्हिबिटर गटातली औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

मळेवाली | २१ फेब्रुवारी

स्टेथो, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. अलॉटमेंटवर मी शेंगा कोणाला वाटते तेव्हा हे विचारूनच देते.

कुंपणावरून | २१ फेब्रुवारी

पायथागोरस म्हणे या शेंगांच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. त्यालाही हेच असेल का?

स्टेथो | २२ फेब्रुवारी

तसा तर्क बरेच जण करतात. आता त्याचं रक्त तपासायची सोय नाही :)

मेलबर्नी | १० एप्रिल

धागा वर आणतोय, कारण आमची पेरणी आता आहे. इथले जुने बागवाले २५ एप्रिलच्या अँझॅक डेच्या सुमाराला ब्रॉड बीन्स टाकतात. शेजारी इटालियन आजोबा आहेत, त्यांच्याकडे पूर्ण कुंपणभर असतात. कोवळ्या शेंगेतले दाणे ते सरळ कच्चे खातात, खारट पेकोरिनो चीजच्या तुकड्यांबरोबर. रोमकडे १ मेला हे खायची पद्धत आहे. आमच्याकडे मेमध्ये पेरणी नुकतीच झालेली असते, तर आजोबा १ मे ऑक्टोबरात साजरा करतात.

गच्चीवरची_बाग | १४ एप्रिल

अपडेट: ओंजळभर शेंगा मिळाल्या. शेंड्यांची भाजी मात्र अप्रतिम झाली. लसूण-मिरचीची फोडणी, वरून थोडं डाळीचं पीठ पेरलं. चव मटारच्या पाल्याच्या जवळची. नागावकर, ऑक्टोबरात कोकण भूषणच लावणार आहे, खूश?

नागावकर | १४ एप्रिल

खूश.

एबर्डीनचा_वारा | २९ मे

मळेवाली, मदत. शेंड्यांवर काळा मावा. काल नव्हता, आज दांडा दिसत नाही इतका. मुंग्याही चढल्यात. शिवाय खालच्या पानांच्या कडा कोणीतरी कातरल्यासारख्या आहेत, अर्धगोल, एका मापाच्या.

मळेवाली | २९ मे

कातरलेल्या कडा हे सोंडकिड्याचं काम. मोठ्या झाडाला त्याने काही होत नाही, दुर्लक्ष करा. रोपं अगदी लहान असतील तरच जाळी घाला.

मावा मात्र मनावर घ्या. तो कोवळ्या शेंड्यालाच लागतो. म्हणून खालच्या शेंगा दिसू लागल्या, बोटाच्या पेराएवढ्या झाल्या, की शेंडा दोन-तीन इंच खुडून टाकायचा. माव्याला बसायला जागा उरत नाही आणि झाडाची ताकद शेंगांत जाते. स्वच्छ शेंडे स्वयंपाकघरात, किडके बादलीत साबणाच्या पाण्यात. दांड्यावर राहिलेल्या माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, सकाळी, म्हणजे पानं दिवसभरात वाळतील. मुंग्या माव्याचा गोड स्राव प्यायला येतात आणि बदल्यात लेडीबर्डना हुसकावतात. मुंग्यांचा रस्ता तोडलात तर लेडीबर्डच्या अळ्या उरलेलं काम करतात. त्या अळ्या दिसायला भीतिदायक असतात, काळ्या-नारिंगी, मगरीच्या पिलासारख्या. त्यांना कीड समजून मारू नका.

फवारणीची औषधं मी वापरत नाही. फुलांवर बंबलबी सतत असतात. त्यांतल्या आखूड जिभेच्या माशा आळशी: फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध काढून घेतात, परागाला शिवतही नाहीत. तरी शेंगा भरपूर धरतात, तेव्हा त्या चोरीची काळजी नको.

शरद ऋतूत पेरलेली झाडं मावा यायच्या आत बरीचशी पक्व झालेली असतात. लेस्टरला मी त्या पेरणीवर जोर देते तो यासाठी. तुमच्या वाऱ्यापुढे तो उपाय नाही, हे मान्य.

चिंचगूळ | १७ जून

बागकाम पुरे झालं, आता खाण्याकडे वळा. मळेवाली, तुम्ही मागे कुठल्याशा धाग्यावर 'ब्रॉड बीन्सचं बिरडं' असं लिहिलं होतंत. मी सीकेपी, ठाण्याची. वाचून हात थरथरले. रीत तरी सांगा.

मळेवाली | १७ जून

हात सावरा, सांगते :)

आधी शेंग कधी तोडायची ते. सगळी चव त्यावर आहे. शेंग सोलून दाणा बघा. दाणा जिथे शेंगेला चिकटलेला असतो तिथला डोळा पांढरा किंवा हिरवा असेल तर दाणा कोवळा. डोळ्यावर काळी रेघ आली की दाणा पिठूळ आणि साल चिवट. बाजारात मिळणाऱ्या शेंगा बहुतेक काळ्या डोळ्याच्या असतात. 'आम्हाला ब्रॉड बीन्स आवडत नाहीत' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी तेच खाल्लेले असतात. शेंगा बुंध्याकडून वर अशा तयार होतात, त्या क्रमाने तोडा. ओढू नका, झाड मोडतं, खाली पिळून किंवा कात्रीने.

किलोभर शेंगांतून दाणे निघतात जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेलं मऊ कापसाचं अस्तर आणि टरफल, सगळं कंपोस्टात. त्यामुळे मोठी पिशवी भरून आणली तरी चौघांपुरतं होतं.

दाणे उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात. मग नखाने वरची जाड पांढुरकी साल फोडून दाबायचं, आतून हिरवीगार डाळिंबी बाहेर येते. वाल सोलताना जसं करतो तेच, फक्त भिजवणं आणि मोड आणणं वाचलं.

तेलात मोहरी, हिंग, हळद, बारीक कांदा, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, लाल तिखट. कांदा मऊ झाला की नारळाचं दुसरं, पातळ दूध. उकळी आली की दाणे. इथे सावध राहा. वाल शिजायला जेवढा वेळ देतो तेवढा दिलात तर पिठलं होईल. चार-पाच मिनिटं पुरतात. कोकम, अगदी चिमूट गूळ, शेवटी घट्ट दूध, आच बंद, कोथिंबीर.

चिंचगूळ | १७ जून

कृती चांगली आहे. पदार्थही चांगला लागेल. पण बिरडं नाही.

बिरड्यात कडव्या वालाचा कडवटपणा पाहिजे. गूळ आणि नारळ त्याच्यासाठी असतात. कडू नसेल तर गूळ कशाला घालायचा? शिवाय भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेल्या वालाला जो एक उग्र वास येतो, श्रावणात अख्ख्या घरात असतो, तो ताज्या हिरव्या दाण्याला कुठून येणार? तुमचं हे ताज्या दाण्यांचं कालवण आहे. छान आहे, पण नाव बदला.

मळेवाली | १८ जून

कडवटपणाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सालीसकट केलं तर थोडा तुरट-कडसर अंश येतो, पण तो वालाचा नव्हे. नाव मी बदलणार नाही. बावीस वर्षं परदेशात राहून माणूस काय काय सोडतो, बिरडं हे नावही सोडू?

चिंचगूळ | १८ जून

बरं, तुमच्या घरात म्हणा बिरडं. ठाण्यात म्हणू नका.

पोर्टलंडी_पाऊस | १९ जून

या वादात मधला रस्ता आहे. अरबी दुकानात सुके फावा मिळतात. मोठे चपटे घेऊ नका. 'फूल हमाम' (अरबीत फावाला 'फूल' म्हणतात) नावाचे बारीक, गोलसर, तपकिरी दाणे असतात, इजिप्तचं फूल मुदम्मस यांचंच करतात. आकाराने आपल्या वालाच्या बरेच जवळ.

ते रात्रभर भिजवा, पाणी बदला, दिवसभर उपसून फडक्यात बांधून ठेवा. थंडी असेल तर दोन दिवस. मोड येतात. इजिप्शियन लोकही असे मोड आणतात आणि त्यांचं पातळ आंबटसर सार करतात, फूल नाबित. आजारी माणसाला देतात. मोड आलेले कोमट पाण्यात टाकून सोललेत की डाळिंब्या तयार. हे मात्र शिजायला खरोखर वेळ घेतात. आमसूल-गूळ घालून कोकणस्थी उसळ केली, तर वास पुष्कळ जवळचा येतो. पेरणीच्या पाकिटातलं बी मात्र कधीही खायला घेऊ नका, त्याला कधीकधी बुरशीनाशक लावलेलं असतं.

चिंचगूळ | १९ जून

हे पटलं. वासाचं ऐकून जरा बरं वाटलं. करून बघणार, दादरला कोणाकडे मिळतं का शोधते.

पाटण्याची_सून | २ जुलै

उशिरा आले, पण हा धागा वाचून राहवेना. माहेर सांगली, सासर पाटणा. तुम्ही सगळे याला विलायती शेंग म्हणताय, इथे हा बाकला घरोघरी असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा, फेब्रुवारी-मार्चला शेंगा. उत्तर बिहारची थंडी त्याला मानवते. सासूबाई कोवळ्या शेंगा घेवड्यासारख्या मोडून, शिरा काढून, बटाट्याबरोबर करतात. मोहरी-लसणाचं वाटण आणि मोहरीचंच तेल. दाणा सोलून फक्त आतलं खायचं आणि एवढी शेंग फेकून द्यायची हे त्यांना सांगितलं तर मलाच घराबाहेर काढतील.

म्हणजे पुण्यात न होणारी गोष्ट हजार-दीड हजार किलोमीटरवर भारतातच होते.

मळेवाली | २ जुलै

वा! अख्खी शेंग इथेही खाता येते, बोटाएवढी, आत दाणा जेमतेम धरलेला असताना. शेंग आतून लवदार झाली की मात्र घशाला बोचते. मोहरीचं वाटण उद्याच करते. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

कुंपणावरून | ६ ऑक्टोबर

बाल्कनीतल्या 'द सटन'च्या शेवटच्या दोन शेंगा झाडावर काळ्या होईपर्यंत ठेवल्या होत्या. दाणे तपकिरी, टणक झालेत. एकाला छोटं गोल भोक आहे. यांचंच बी करू का, आणि आत्ताच लावू का?

मळेवाली | ६ ऑक्टोबर

भोक म्हणजे भुंगा आत वाढून बाहेर पडलाय. असं बी बऱ्याचदा उगवतं तरी, पण कमजोर. ते टाका. बाकीचे नीट वाळवून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, आत अजून कोणी असेल तर मरेल. मग कोरड्या बरणीत.

बाल्कनीत शेजारी दुसरी जात कोणी लावली नसेल तर बी शुद्ध राहिलं असेल. माझ्या अलॉटमेंटवर ते शक्य नाही. एका बाजूला लाल फुलांची क्रिमझन फ्लॉवर्ड, दुसऱ्या बाजूला बंयार्ड्स एक्झिबिशन, आणि बंबलबी सगळीकडे फिरतात. मी बी विकतच घेते.

'द सटन' आत्ता लावायची तर कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा, कडाक्याच्या थंडीत वरून फ्लीस (रोपांवर घालायचं हलकं कापड) टाका. घाई नसेल तर फेब्रुवारी उत्तम. कुंडी किमान फूटभर खोल घ्या.

एबर्डीनचा_वारा | ७ ऑक्टोबर

आणि उंदरांना बाल्कनीचा पत्ता देऊ नका.